वापसा

आमच्या घरात पावसाला नाव ठेवायची मुभा नव्हती. माळवदातून पाणी ठिबकायचं, आई भगुली मांडत घरभर फिरायची, धुणं चार-चार दिवस दांडीवर ओलंच असायचं. तरी ‘काय मेला हा पाऊस’ असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आम्हा भावंडांतलं कुणी बोललंच तर ती तिथंच अडवायची, "असं म्हणू नाही. रुसंल तो." अण्णांचं तर त्याच्याही पुढचं. शाळेपासून घरापर्यंतच्या सतरा किलोमीटरांतलं निम्मं अंतर येझदी चालवत आणि निम्मं ती ढकलत ते यायचे. गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्याच्या काचा धूसर, शर्ट अंगाला चिकटलेला. आणि ओसरीवर पाय ठेवला की पहिलं वाक्य, "चांगला झाला. वीतभर ओल गेली असंल." बंद पडलेल्या गाडीची गोष्ट जेवणं झाल्यावर निघायची, तीही कुणी विचारली तर.

ती येझदी आता मी चालवते. १९७९ सालची आहे. अण्णांनी १९८६ मध्ये जुनी घेतली, तेव्हा मी चौथीत होते. आता अण्णा ऐंशीचे आहेत आणि किक मारण्याइतका जोर त्यांच्या गुडघ्यात राहिलेला नाही. माझी नोकरी लातूरला, घर अंबाजोगाईला आणि शेत त्याच रस्त्यावरून आत गेलं की ओढ्याकाठी. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी गाडी काढते, सोमवारी सकाळी परत येते. बावीस वर्षं हे चाललंय. वाटेतल्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, फाट्यावर कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, एवढी जुनी गाडी, आन् पावसात काढलीव?"

खरं सांगायचं तर मी ती सगळ्यात जास्त पावसातच काढते. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक, वाऱ्यावर थंड होणारं. त्या उन्हात भरधाव वीस किलोमीटर चालवली की सिलिंडरवर हात ठेववत नाही, आणि चढाला गियर चुकला तर पिस्टन धरतो, सिलिंडरमध्येच अडकून बसतो. मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. दोनदा अनुभवलंय, तिसऱ्यांदा नको. म्हणून उन्हाळ्यात मी तिला पहाटेच चालवते, तेही जपून. मिरगाचा पहिला पाऊस झाला, हवा उतरली की तिचा आवाज पालटतो. उन्हाळ्यात जो कोरडा, खडखडीत वाटायचा तो भरीव होतो, धुरातला ऑइलचा वास ओल्या मातीच्या वासात मिसळतो. तो आवाज ऐकला की अण्णा अजूनही खाटेवरून उठून दारापर्यंत येतात.

आमच्याकडे हिला येजडी म्हणतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो १९६१ मध्ये सुरू झाला, तेव्हा गाड्या जावा नावानं निघत. १९७३ पासून त्यांवर येझदी हे नाव आलं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर त्या काळी तीनच मोटारसायकली ठळक दिसायच्या. दूधवाल्यांची राजदूत, पाटील-फौजदारांची बुलेट आणि मास्तर-ग्रामसेवकांची येझदी. राजदूतचं मूळ पोलंडचं, येझदीचं चेकोस्लोव्हाकियातलं, बुलेटचं इंग्लंडचं. तिन्ही गाड्या पावसाच्या देशांतून आलेल्या, आणि इथं येऊन त्यांना आठ महिने धूळ आणि उरलेले चार महिने काळ्या रानाचा चिखल मिळाला.

वापसा हा शब्द शहरातल्या पुष्कळांना आता माहीत नसेल. पाऊस पडून गेल्यावर जमीन लगेच पेरणीला तयार होत नाही. काही दिवस उघडीप लागते. माती ना राड, ना कोरडी अशी झाली, मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो आणि बोटानं ढोसलं तर तो फुटतो, म्हणजे वापसा आला. तेव्हाच तिफण चालते. त्याआधी औत घातलं तर माती लोखंडाला लपेटून बसते आणि रानात अशी ढेकळं पडतात की ती वर्षभर फुटत नाहीत. अण्णा हा शब्द गाडीलाही वापरायचे. पावसात बंद पडली की ते कधी लागोपाठ किका मारत बसले नाहीत. गाडी स्टँडला लावायची, पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि म्हणायचं, "थांब. वापसा येऊ दे."

त्या थांबण्यात काय काय असतं हे मला कळलं ते बारा-तेरा वर्षांची असताना, पूर्वा नक्षत्रातल्या एका रात्री. लातूरहून परत येत होतो. बर्दापूरच्या अलीकडे पावसानं गाठलं. हेडलाइट सहा व्होल्टचा, त्याचा पिवळा उजेड दहा-बारा पावलांपुढं पोचत नव्हता. आधी गाडी दोन-चारदा अडखळली, मग धाप लागल्यासारखी करून बंद पडली. अण्णांनी ती बाभळीखाली घेतली, माझ्या हातात बॅटरी दिली, प्लगकडं उजेड धरायला सांगितला. त्यांनी काही तरी बघितलं, मग म्हणाले, "आता बॅटरी बंद कर. आन् इथं बघ."

त्यांनी किक मारली. काळ्याकुट्ट अंधारात प्लगच्या टोपीवरून एक निळा, केसाएवढा बारीक दोरा सिलिंडरच्या पात्यावर उतरला आणि विझला. पुन्हा किक, पुन्हा निळा दोरा, आणि त्याबरोबर बारीकसा ‘टिक्’ असा आवाज. मी श्वास रोखून बघत होते. अण्णा म्हणाले, "जायचं आतल्या आत होतं. बाहेर पाणी दिसलं, तिकडंच वळली."

इतकं सोपं सांगितलेलं मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. आतलं पेट्रोल पेटवते ती प्लगची ठिणगी, आणि तिच्यामागचा दाब हजारो व्होल्टचा असतो. प्लगच्या टोकाशी दाबलेल्या वायूतून उडी मारण्यापेक्षा तिला बाहेरच्या ओल्या टोपीवरून घसरणं सोपं जातं. अण्णांनी टोपी उपसून काढली, बनियनचं कोरडं टोक आत घालून पुसली, प्लगची पांढरी चिनी माती पुसली, खिशातून सायकलच्या ट्यूबचा चार बोटांचा तुकडा काढून टोपीवर मोज्यासारखा चढवला. तो तुकडा गाडीत कायम असायचा. आजही आहे, अर्थात तोच नव्हे.

तरी गाडी लगेच चालू झाली नाही, कारण पॉइंटही ओले होते. जावा-येझदीला उजव्या बाजूच्या झाकणाखाली डायनॅमो असतो आणि त्याच्या तोंडाशी काँटॅक्ट पॉइंट. दोन छोट्या टिकल्या. इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याला त्या उघडतात आणि मिटतात, उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. त्यांच्यातली फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा फटीत दवबिंदूएवढं पाणी बसलं तरी सगळं थांबतं. मला वाटायचं पाणी झाकणाच्या फटीतून शिरतं. शिरतंही. पण गॅरेजवाल्या उस्तादांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाऊस पडला की झाकणाच्या आतली हवा आकसते आणि बाहेरची ओल स्वतःच आत ओढून घेते. म्हणून भर पावसात तापलेली गाडी उघड्यावर एकाएकी उभी करायची नाही, आणि धुवायची तर अजिबातच नाही. "गरम इंजन पे पानी नक्को मारो बेटी," ते आजही सांगतात, "उसकू ठंडा होने दो."

त्या रात्री आम्ही थांबलो होतो ते बघून शेजारच्या शेतातून एक म्हातारा कंदील घेऊन आला. डोक्यावर पोत्याची खोळ. "गुरुजी, इथं कशाला? गोठ्यात घ्या गाडी. बैलं सरकवतो." त्यानं खरंच बैल सरकवले. दोन बैल, एक व्यालेली म्हैस आणि आमची येझदी एका छपराखाली. चुलीवर गुळाचा चहा झाला. तासभर अण्णा आणि तो म्हातारा बोलत होते, आणि सगळं बोलणं पावसाचं. कुठं किती झाला, मूग हाती लागेल का, पूर्वाचं वाहन यंदा कोणतं, बेडूक की म्हैस. गाडी बंद पडल्याची हळहळ त्या बोलण्यात कुठंच नव्हती. मी बैलाच्या अंगाची ऊब घेत बसले होते आणि इंजिनवर पडलेले थेंब वाफ होऊन जाताना बघत होते. सगळे थेंब गेले तेव्हा अण्णा उठले. पहिल्या किकला चालू झाली.

काळ्या रानाबद्दल मात्र लिहावं तेवढं थोडं. अण्णांची शाळा डोंगराच्या कुशीतल्या वाडीत. डांबरी सोडली की तीन किलोमीटर पांदण. त्यातलं पहिलं दीड किलोमीटर काळं, पुढचं मुरमाचं. मुरमावर पाऊस कितीही पडो, चाकाला पकड मिळते, पाणी खाली झिरपून जातं. काळी माती पाणी धरते, फुगते. उन्हाळ्यात तिला पाय मावेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्याच मातीचं लोणी होतं. ती टायरला नुसती लागत नाही. थरावर थर चढत जाते, मडगार्डच्या आत ठासून बसते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. जुन्या येझदीची चाकं सोळा इंचांची, मडगार्ड खोल, दोन्ही बाजूंनी उतरलेले. दिसायला फार सुंदर, पण काळ्या मातीसाठी जणू साचाच.

म्हणून अण्णांच्या टूलबॉक्समध्ये पाना-पक्कडीबरोबर एक जुनं खुरपं असायचं. मूठ कापून आखूड केलेलं. चाक अडलं की खाली उतरायचं, खुरप्याचं टोक मडगार्ड आणि टायर यांच्यात घालायचं, चिखलाचा लगदा उपसायचा, वीस पावलं जायचं, पुन्हा उपसायचा. दीड किलोमीटरला कधी कधी दीड तास. एक गोष्ट मात्र ह्या गाडीची वाखाणण्यासारखी. मागची साखळी पूर्ण पत्र्याच्या डब्यात बंद असते, त्यामुळं बाहेर कितीही चिखल झाला तरी साखळी आत कोरडी, तेलकट राहते. राजदूतवाले मास्तर दर आठवड्याला साखळी धूत बसायचे, अण्णा महिन्यातून एकदा बघायचे.

आणि ते खुरपं परत ठेवण्याआधी त्याच्यावरची माती ते नेहमी बांधाच्या आत, शेताच्या बाजूला झटकायचे. रस्त्यावर कधीच नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "ज्याची हाय त्याच्या रानात जाऊ दे की," म्हणाले.

डांबरी रस्त्याचे धोके वेगळे. सगळ्यात वाईट पहिला पाऊस, त्यातही त्याची पहिली पंधरा-वीस मिनिटं. आठ महिन्यांची धूळ, ट्रकांचं सांडलेलं ऑइल, टायरची झीज हे सगळं पाण्यावर वर येतं आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. जोराचा पाऊस असेल तर तो अर्ध्या तासात हे धुऊन नेतो, पण नुसती भुरभुर असेल तर तो थर तसाच राहतो. माझा नियम आहे, पहिल्या पावसात अर्धा तास कुठं तरी थांबायचं. दुसरा धोका शेतातून डांबरीवर चढलेल्या ट्रॅक्टरांचा. त्यांच्या टायरांनी आणलेली काळी माती वळणावर चपटी होऊन पडलेली असते, वरून पाणी. तिथं ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी तिरकी करायची नाही. आधीच वेग उतरवून, सरळ, एकाच एक्सलेटरवर पार व्हायचं.

आणि ह्या गाडीचे ब्रेक ड्रमचे. फरशी पुलावरून घोटाभर पाण्यातून गेलं की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचे काही क्षण ब्रेक नसल्यातच जमा. पाण्यातून बाहेर आलं की हलकेच ब्रेक दाबून धरत शंभर-दोनशे पावलं जायचं, लायनर तापून कोरडे होतात. ब्रेकनं पुन्हा धरलं हे पायाला आपोआप कळतं. मांजरसुंब्याच्या घाटातून बीडकडं उतरताना आणखी एक काळजी. टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक जवळपास नसतोच, म्हणून सगळा भार ड्रमवर. आणि तिचं ऑइल पेट्रोलातून जातं. एक्सलेटर मिटवून लांब उतार उतरत राहिलं की पेट्रोल आत जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही, आणि आतला पिस्टन कोरडा फिरतो. अण्णांनी शिकवलं तसं मी थोड्या थोड्या वेळानं क्लच दाबून एक्सलेटर क्षणभर उघडते. मागून येणाऱ्यांना वाटतं बाई उगीच गाडी रेस करायलीय.

पावसात हिचा एक गुण फार कामाला येतो. जावा-येझदीचा गियरचा दांडा पायानं दाबला की क्लच आपोआप सुटतो, डाव्या हातानं दाबला नाही तरी चालतं. त्यामुळं डावा हात हेल्मेटच्या काचेवरचं पाणी पुसायला मोकळा राहतो. तोच दांडा आत दाबून उलटा फिरवला की किक होतो. ओल्या चपलेनं मात्र किक मारू नये. पाय घसरला तर दांडा उलटून नडगीवर बसतो.

हे सगळं सांगताना एक काळ आठवतो, जेव्हा यातलं काहीच करावं लागलं नाही. २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन पावसाळे वाया गेले. मिरग कोरडा, आर्द्रा कोरड्या, पुनर्वसू-पुष्याचा नुसता वारा. गाडी रोज एका किकला चालू व्हायची. मडगार्ड स्वच्छ, पॉइंट स्वच्छ. गाडी एवढी निर्धास्त चालतेय याचा एरवी आनंद व्हायला हवा होता. एका शनिवारी हात लावला तर प्लगच्या टोपीवरचा ट्यूबचा तुकडा उन्हानं तडकून दोन भागांत हातात आला. पावसाविना दोन वर्षं तो तिथं नुसता वाळत पडला होता. मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी हातात घेऊन बघितला, काही बोलले नाहीत. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या महिन्यात आमच्या गल्लीत लोक रात्री दोनला टँकरसाठी घागरी मांडून बसायचे. मीही बसले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पाऊस परतला तेव्हा येझदी बर्दापूरजवळ, जवळपास त्याच बाभळीच्या पट्ट्यात बंद पडली. मी उतरले, टोपी काढली, पुसली, नवा ट्यूबचा तुकडा चढवला. अंगावर पाणी कोसळत होतं आणि मी रडत होते. एवढा आनंद मला त्या गाडीनं दुसऱ्या कुठल्याच दिवशी दिला नाही.

अलीकडे एक नवी काळजी आली आहे, तीही पाण्याचीच. पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पूर्वी टाकीत पाणी गेलं तर ते पेट्रोलाखाली जाऊन बसायचं. कॉकखालची वाटी उघडली की त्यात पाण्याचे मणी वेगळे दिसायचे. ते फेकले की काम झालं. इथेनॉल मात्र हवेतली ओल पिऊन घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली की ते ओल पीत राहतं, आणि एका मर्यादेपुढं पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलापासून फाटतात, खाली जाऊन बसतात. ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. इंजिनाला आधी मिळतं ते तळातलं, ज्यात ऑइल नाही. टू-स्ट्रोकसाठी ह्याहून वाईट ते काय. शिवाय जुने रबरी वायसर फुगतात, कार्बोरेटरच्या धातूवर पांढरा थर धरतो. म्हणून मी पावसाळ्यात टाकी एक तर काठोकाठ भरून ठेवते, नाही तर पूर्ण रिकामी करते, आणि ऑइल मोजून घालते, लिटरमागं ४० मिली.

त्यातलं काही इथेनॉल उसाचं असतं. आमच्या भागात ज्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षीही ऊस उभा होता. विहिरी, बोअर त्यासाठी उपसले गेले. कार्बोरेटरची वाटी उघडून त्यातलं गढूळ पाणी हातावर घेतलं की मला हटकून ते टँकर आठवतात. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. उसाला बांधलेला भाव मिळतो आणि सोयाबीनला तो मिळेलच असं नसतं, हे आमच्याच घरात कित्येकदा बोललं गेलंय. पण ते पाणी कुठून कुठं येतंय याचा विचार मनातून जात नाही.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. उत्तरा नक्षत्र लागलं आणि बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, जालना, सगळीकडं जो पाऊस सुरू झाला तो थांबेचना. सोयाबीन काढणीला आलेलं, शेंगा भरलेल्या. एका शनिवारी मी निघाले खरी, पण आमच्या फाट्याच्या अलीकडचा ओढा पुलावरून वाहत होता. पाणी किती खोल आहे ते वाहत्या पाण्यात दिसत नाही, आणि गुडघ्याएवढं पाणी जोरात असेल तर गाडीसकट माणूस जातो. मी गाडी मागं घेतली. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा-पंधरा माणसं उभी होती. आमच्याच शिवारातले एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, पलीकडं बघत होते. पलीकडं त्यांचं रान होतं आणि तिथं नुसतं पाणी दिसत होतं. त्यांनी हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. समोरच्या माणसाला सांगावं तसं पाण्याकडं बघून म्हणाले, "बास कर की आता. किती छळतूस?"

माझ्या उभ्या आयुष्यात आमच्या भागातल्या शेतकऱ्यानं पावसाला असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. शेडमध्ये कुणीच काही बोललं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

गाडी शेडमध्येच ठेवून मी दुसऱ्या वाटेनं, एका जीपमधून उशिरा घरी पोचले. अण्णांना ते वाक्य सांगितलं. ते खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणू दे. ज्याची माती गेली त्यानं म्हणावं."

"आपली पण गेली असंल की अण्णा."

"गेलीच असंल." एवढंच. पावसाबद्दल त्यांनी स्वतः अजूनही काही म्हटलेलं नाही.

ओढ्याचं पाणी त्या रात्री शेडमध्ये शिरलं. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पाणी उतरलं होतं. गाडीवर सीटच्या जरा खालपर्यंत गाळाची रेघ होती, म्हणजे डायनॅमो, कार्बोरेटर, सायलेन्सर सगळं बुडालेलं. बुडालेल्या गाडीला किक मारायची नसते, हे मोठ्या मुश्किलीनं लोकांना समजावून सांगावं लागलं. सगळे म्हणत होते, मारून तर बघा. आत पाणी असताना किक मारली तर गाळ बेअरिंगांत आणि पिस्टनच्या रिंगांत जाऊन बसतो. टेंपोत घालून ती उस्तादांकडं नेली. आधी बॅटरीची वायर काढली. गियरचं ऑइल सोडलं तर दूध घातलेल्या चहासारखं आलं, म्हणजे तिथंही पाणी. ते दोनदा बदललं. प्लग काढून गाडी आडवी केली, सिलिंडरमधलं पाणी गाळलं. दोन्ही ड्रम उघडले. डायनॅमोचं झाकण उघडलं तेव्हा पॉइंटवर बोटभर काळा गाळ बसलेला. उस्तादांनी तो ब्रशनं, पेट्रोलनं, अगदी हळू, टिकल्या न हलवता काढला. डायनॅमो उतरवून छपराखाली दोरीला टांगला, मिरच्या वाळत घालाव्यात तसा.

"कितने दिन?" मी विचारलं.

"सुखने दो," ते म्हणाले. "जल्दी नक्को."

अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी चालू झाली. दिवाळीनंतर मी पहिल्यांदा तिच्यावरून शेतात गेले. पांदणीत शिरले नाही, गाडी डांबरीच्या कडेला मुरमावर लावली, कॉक बंद केला आणि चालत गेले. ओढ्याकडचा पाऊण एकर खरडून गेला होता, खालचा पिवळा मुरूम उघडा पडला होता. वरच्या बाजूचं रान मात्र तसंच होतं, काळं, वर पापुद्रा धरलेलं. सोयाबीनची कुजलेली ताटं अजून उभी. हरभरा पेरायचा तर आता, नाही तर उशीर होतो.

मी अण्णांना फोन लावला.

"पाय ठेव," ते म्हणाले. "चप्पल काढून. किती रुततोय?"

मी चप्पल काढून पाय दाबला. माती गार होती. "टाच जाती पूर्ण. घोट्याला लागत नाही."

"मुठीत घे."

घेतली. गोळा झाला. बोटानं दाबला तर फुटला नाही, चपटा झाला.

"चपटा होतोय," मी म्हणाले.

पलीकडं ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागं आईचा भांड्यांचा आवाज येत होता.

"तीन दिवस थांब," अण्णा म्हणाले. "ऊन धरलंय ना तिकडं? मग तीन दिवस. आन् येताना खुरपं घे बरं, पांदण अजून वाळली नसंल."